शाळेसमोर नो पार्किंग: आदेश आला, बोर्ड काही येईना

शाळेसमोरचा रस्ता नो पार्किंग करून घ्यायच्या खटपटीत कोणी असेल, तर आधी हे वाचा. वाहतूक पोलिसांचा आदेश हातात पडला की सगळे पहिल्या पानावर तुटून पडतात. तुम्ही शेवटचं पान बघा. तिथे ‘प्रत’ म्हणून कार्यालयांची यादी असते. त्यात महापालिकेच्या पथ विभागासमोर ‘कार्यवाहीस्तव’ लिहिलंय की नुसतं ‘माहितीस्तव’, हे तिथल्या तिथे तपासा. आमच्या आदेशात ‘माहितीस्तव’ होतं. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं आणि अजूनही आठवलं की डोकं तापतं.

मुळात प्रकार काय होता ते थोडक्यात सांगते. शाळेचं फाटक अरुंद रस्त्यावर. शाळा भरताना आणि सुटताना स्कूलबस, व्हॅन, रिक्षा, दुचाक्या आणि मोटारी सगळं एकदमच तिथे येऊन आदळतं. त्यात फाटकाला अगदी चिकटून गाडी उभी करणारे पालक. चारही इंडिकेटर लावले की आपली गाडी कोणाला आडवी येत नाही, अशी काहींची ठाम समजूत असते. एकदा एक बाबा स्टीअरिंगवर बसूनच मागच्या सीटवरच्या मुलीला भूगोलाची वही शोधायला लावत होते. मागे बस हॉर्न वाजवतेय, यांचं चालूच, “अगं, निळ्या कव्हरची, नीट बघ.” बसला कडेला घेता येईना, ती भर रस्त्यात थांबली, आणि बसच्या डावीकडच्या फटीतून घुसणाऱ्या दुचाक्यांसमोरच पहिली-दुसरीतली पोरं उतरली. व्हॅनवाले काका एका हाताने दुचाक्या थोपवत होते आणि दुसऱ्या हाताने दप्तरं खाली घेत होते. बोलायला गेलं की उत्तर ठरलेलं. “अहो मॅडम, दोनच मिनिटं.”

खरं तर यासाठी वेगळा आदेश लागायलाच नको. बसस्टॉप, शाळा, हॉस्पिटल यांच्या दाराजवळ गाडी उभी करू नये, हे केंद्राच्या 1989 च्या रस्ता नियमांतच लिहिलेलं होतं. फुटपाथवर लावू नये, उभ्या गाडीला समांतर दुसरी लावू नये, हेही त्याच यादीत. पण चौकातल्या हवालदारांनी सरळ सांगितलं, “ताई, बोर्ड नसला की लोक हुज्जत घालतात. फोटोत बोर्ड दिसला तर चलन टिकतं.” म्हणून हा सगळा उद्योग.

अर्जाचा भाग सोपा गेला. पालक-शिक्षक संघाच्या सह्या, शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांचं पत्र, फोटो आणि रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा. स्थळपाहणी झाली, प्रायोगिक तत्त्वावर आदेश निघाला, हरकती-सूचना मागवल्या. समोरच्या इमारतीतल्यांनी दिवसभर बंदी नको म्हणून हरकत घेतली, आणि ती रास्तच होती. मग फक्त शाळेच्या वेळांपुरती बंदी ठरली आणि अंतिम आदेश झाला. मोटार वाहन कायदा 1988, कलमं 115, 116, 117, अत्यावश्यक सेवेतली वाहनं वगळून, वगैरे वगैरे. वाहतूक विभागाबद्दल तोवर माझी काही तक्रार नव्हती. पालकांच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला.

बोर्ड मात्र लागेना.

आदेश पोलिसांचा, पण खांब रोवायचा, त्यावर पत्रा चढवायचा, रस्त्यावर पट्टे मारायचे, हे काम पथ विभागाचं. मी आदेशाची झेरॉक्स घेऊन तिकडे गेले. तिथल्या कनिष्ठ अभियंत्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. “हे बघा, आम्हाला प्रत माहितीसाठी आलीय. माहिती झाली. बोर्ड लावा असं यात कुठे म्हटलंय?” मला वाटलं थट्टा करतायत. ते अजिबात थट्टा करत नव्हते.

परत वाहतूक विभागात. तिथले लिपिक म्हणाले, आदेश साहेबांच्या सहीने निघालाय, आता त्यात काही बदलायचं तर शुद्धिपत्रक काढावं लागेल. शुद्धिपत्रक काढायला काहीतरी कारण हवं, म्हणजे पथ विभागाने आम्हाला अडचण लेखी कळवायला हवी. पथ विभाग म्हणे, आम्ही कशाला लेखी कळवू, आम्हाला काही अडचणच नाही. खरंच होतं ते. अडचण बसमधून उतरणाऱ्या पोरांना होती, त्यांच्या विभागाला नव्हती.

शेवटी त्या लिपिकांनीच वाट काढली. शुद्धिपत्रकाचा नाद सोडा, मी वेगळं पत्र टाइप करून सहीला ठेवतो, म्हणाले. ‘सदर आदेशान्वये आवश्यक फलक बसविण्याची कार्यवाही करावी’, असं जेमतेम चार ओळींचं पत्र. ते सहीला गेलं. साहेब बंदोबस्तावर. मग साहेब रजेवर. मग साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब फायली समजून घेत होते. चार ओळी समजून घ्यायला किती वेळ लागतो, हे विचारायची फार इच्छा झाली होती. विचारलं नाही, कारण त्या लिपिकांचा काही दोष नव्हता आणि पुढचं काम त्यांच्याकडूनच व्हायचं होतं. (हा सल्लाच समजा. टेबलावरच्या माणसाशी भांडू नका, आवाज चढवायचा तो कागदावर.)

पत्र एकदाचं निघालं, पथ विभागात पोचलं, आवक क्रमांक पडला. आता तरी? तर बोर्ड स्टोअरमध्ये नाहीत. खांब आहेत, पत्रे नाहीत. पत्रे आले, तर ते दुसऱ्या रस्त्यांच्या कामातले. ते काम उरकलं, तर ठेकेदाराची माणसं खड्डे बुजवायला गेलेली. इकडे फाटकासमोर रोज तोच तमाशा, आणि वर काही पालक मलाच विचारणार, “काय हो, तुमच्या नो पार्किंगचं काय झालं?” माझं नो पार्किंग! विचारणाऱ्यांपैकी एकाची गाडी तर त्याच क्षणी फाटकाच्या तोंडाशी उभी होती. मी दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडं हललं ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे दप्तर दिरंगाईचा कायदा. महाराष्ट्रात सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा जो 2005 चा कायदा आहे, त्यातच तो आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याने फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त आपल्याकडे ठेवू नये, असं त्याचं कलम 10 सांगतं. स्मरणपत्रात मी त्याचा उल्लेख केला, एका ओळीत, कुठलीही धमकी न देता. दुसरी म्हणजे माहिती अधिकार. इथे एक लक्षात ठेवा, “बोर्ड का लावला नाही?” असं विचारायचं नाही. ‘का’ म्हणजे माहिती नव्हे, असं सांगून अर्ज निकाली काढतात. नोंदी मागायच्या. अमुक आवक क्रमांकाचं पत्र कोणत्या तारखेला कोणाकडे गेलं, त्यावर काय टिप्पणी झाली, त्याच्या प्रती द्या. आपल्याकडे हा अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, म्हणून त्यात मनातली भडास काढू नका, तशी जागाही नसते. उत्तराची मुदत 30 दिवस. ती संपायच्या आत मला फोन आला. “मॅडम, बोर्ड लावतोय, तेवढा अर्ज मागे घ्या ना.” मी म्हटलं, बोर्ड लावा, मग बघू. इतके महिने ‘माहितीसाठी, माहितीसाठी’ ऐकल्यावर माहिती मागायचा अधिकार आपल्यालाही आहे, हे कळवताना जो आनंद झाला तो खोटा कशाला सांगू.

बोर्ड लागला. निळं वर्तुळ, लाल कडा, मधून एक तिरकी लाल रेघ. फक्त खाली वेळेची पाटी नाही! म्हणजे दिवसभर नो पार्किंग. ज्यांच्या हरकतीवरून वेळ ठरली होती, ते इमारतवाले संध्याकाळी तावातावाने माझ्याकडे. त्यांचंही चूक नव्हतं. पाटी पुढे आली, पण तोवर त्या इमारतीतल्या एका काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तेव्हा पथ विभागाला जे पत्र जाईल, त्यात पाटीवरचा मजकूर शब्दशः लिहून द्या. वेळ, ‘फक्त शाळेच्या दिवशी’, आणि बंदी कुठून कुठपर्यंत ते दाखवणारे बाण. आणि हो, एका रेघेचा बोर्डच मागा. लाल फुलीचा बोर्ड वेगळा, त्याचा अर्थ थांबायलाही मनाई. तो लागला तर व्हॅनवाल्या काकांनी पोरं उतरवायची कुठे?

आणखी एक, जे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि पालकांचा प्रतिनिधी, पोलीस, आरटीओ यांची माणसं सदस्य. बऱ्याच शाळांत ती कागदावरच असते. आपल्या शाळेत आहे का विचारा, असेल तर बैठक लावायला सांगा आणि नो पार्किंगचा ठराव इतिवृत्तात घालून घ्या. नुसतं ‘एका पालकाचा अर्ज’ म्हटलं की कागद खाली सरकतो. समितीचा ठराव जोडला की निदान वाचतात तरी. शिवाय पोलीस आणि आरटीओ त्या समितीतच असल्यामुळे ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे वाक्य कोणाला म्हणता येत नाही.

लोकशाही दिनाचाही मार्ग आहे, म्हणजे थेट अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडायचा दिवस. महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज आधी द्यावा लागतो. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही, पण ओळखीतल्या एकांचा गतिरोधक त्यातूनच झाला. आणि प्रत्येक कागदाच्या आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. “राहू द्या, मी ठेवतो फाइलला” म्हणाले तरी घ्याच. माझ्याकडे ते आवक क्रमांक नसते तर माहिती अधिकाराच्या अर्जात लिहिणार काय होते?

सध्या बरं आहे. शाळेच्या वेळेला हवालदार अधूनमधून येतात, मोबाइल काढून फोटो घेतात. कलम 177 खाली पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा सापडलं तर 1500 पर्यंत. एक-दोघांना चलन आल्याची बातमी ग्रुपवर पोचली आणि निम्म्या गाड्या आपोआप कोपऱ्यापलीकडे लागायला लागल्या. उरलेले निम्मे “फक्त आजच” म्हणत उभे असतात, त्यांच्यावर माझ्याकडे औषध नाही. रस्त्यावरचे पट्टे अजून मारलेले नाहीत. पावसात रंग धरत नाही, ते काम दिवाळीनंतर, असं पथ विभागाने सांगितलंय. तोंडी सांगितलं होतं, मी लेखी मागून घेतलं.