ठिपका कोणी पाडला?

परवा दुपारी बाया डबा खायला बांधावर बसल्या आणि मी सोयाबीनच्या तासात उकिडवा बसून पानं उलटीपालटी करत होतो. "भाऊ, काई सांडलं का तिथं?" एकीनं विचारलं. सांडलं काहीच नव्हतं. एका पानावर मोहरीएवढा तपकिरी ठिपका होता, वाळून कडक झालेला, आणि त्याच्या कडेपासून पान पुन्हा हिरवंगार.

असं पान कृषी केंद्रात नेलं की समोरचा वर न बघताच बाटली काढतो. पण काही ठिपके झाडानं स्वतःच पाडलेले असतात. बुरशी आत घुसल्याचं कळलं की तेवढ्या जागेतल्या पेशी आपण होऊन मरतात आणि जिवंत पेशीवर जगणाऱ्या बुरशीची उपासमार होते. झाडाला रक्त नाही, गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. ज्या पेशीवर संकट येईल तिनंच निस्तरायचं. बुरशीच्या भिंतीतलं कायटिन, जिवाणूच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन तिला बरोबर ओळखू येतं. गावात वाघ शिरल्याची बातमी आली की दारं लागतात, तशी पानावरची बारीक भोकं, म्हणजे पर्णरंध्रं, मिटतात. काही जिवाणू इतके बेरकी, की ती परत उघडायला लावणारं रसायनच सोडतात!

आबाजींच्या संत्र्याला डिंक्या लागायचा. खोडातून डिंक वाहायचा, आम्ही पोरं तो काडीनं खरवडायचो. पावसाळ्याच्या तोंडावर आबाजी मातीच्या कुंड्यात मोरचूद आणि चुना कालवत. मग विळ्याचं पातं त्यात बुडवून उन्हात धरत. पातं तांबूस झालं की म्हणत, "अजून चुना टाक रे." पातं स्वच्छ निघेस्तोवर खोडाला हात लावू देत नसत. माझे हात मात्र कोपरापर्यंत निळे.

डोकं दुखलं की आबाजी ॲस्पिरिन घेत. इंग्लंडात 1979 साली व्हाइट नावाच्या संशोधकानं तेच ॲस्पिरिन तंबाखूच्या पानांत टोचलं, तर विषाणूचे डाग कमी पडले. त्याआधी 1961 मध्ये अमेरिकेत फ्रँक रॉस यांनी दाखवलं होतं, की तंबाखूच्या खालच्या पानांना मोझॅकचा, म्हणजे पानांवर चट्टे पाडणाऱ्या रोगाचा, विषाणू लावला तर वरची, हातही न लागलेली पानं सावध होतात. पुढं कळलं, की ॲस्पिरिनचं सख्खं भावंड, सॅलिसिलिक आम्ल, झाड स्वतःच बनवतं आणि ही सावधगिरी त्याच्याच जिवावर चालते. आबाजींना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, "मंग झाडाचं डोकं दुखते म्हन ना!"

हे सगळं वाचायला फार छान वाटतं. 2023 ला सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. पांढरी माशी या वावरातून त्या वावरात विषाणू नेत राहिली आणि बघता बघता शिवार पिवळं पडलं. ठिपके शोधायला पान हिरवं तर पाहिजे. शेंगा भरल्याच नाहीत. काकांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर घातला आणि त्याच वावरात हरभरा पेरला.