तुम्ही विचारलंत म्हणून : हे सगळं ‘पल्प’च, म्हणजे हलकंच ना?

जुन्या अमेरिकन रहस्यकथा, काउबॉयच्या कथा, विज्ञानकथा यांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर ‘नाही’ असं आहे. पल्प म्हणजे लाकडाचा लगदा, आणि त्यापासून केलेला स्वस्त कागद. हे कागदाचं नाव आहे, कथेची प्रतवारी नव्हे.

पल्पच्या आधी डाइम नॉव्हेल होती. डाइम म्हणजे 10 सेंटचं नाणं. न्यूयॉर्कच्या बीडल कंपनीनं जून 1860 मध्ये अ‍ॅन स्टीफन्स यांची ‘मालीस्का’ छापून ही प्रथा पाडली. पुस्तिका हातात मावणारी, शंभरेक पानांची. 1879 च्या कायद्यानं नियतकालिकांना टपालाचा दर स्वस्त झाला, तेव्हा प्रकाशक कादंबऱ्यांनाच क्रमांक आणि तारीख घालून दर आठवड्याला काढू लागले. म्हणून पुष्कळ जण या पुस्तिकांना मासिक समजून फसतात. आत बहुतेक एकच कथा असते, ती बघावी.

पल्प हे खरोखरचं मासिक. प्रकाशक फ्रँक मन्सी यांनी 1896 मध्ये आपलं ‘आर्गोसी’ मासिक फक्त कथांना वाहिलं आणि स्वस्त, खरखरीत कागदावर छापलं. पुढे रूढ झालेला आकार साधारण 7 × 10 इंच, पानं बहुधा 128, कडा न कापलेल्या. मुखपृष्ठ मात्र गुळगुळीत आणि रंगीत, कारण आतल्या कागदावर तसे रंग उठत नाहीत. आकारावर एकट्यावर विसंबू नका : 1926 चं ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरुवातीला याहून बरंच मोठं होतं.

साहित्यप्रकार वेगळे झाले ते स्टॉलवर. आरंभीच्या अंकांत सगळ्या तऱ्हेच्या कथा एकत्र असत. पण डझनावारी मासिकं शेजारी टांगलेली असताना गिऱ्हाइकाला आपल्या आवडीचं दुरून ओळखू यायला हवं. स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशन संस्थेनं 1915 मध्ये गुप्तहेरकथांचं, 1919 मध्ये वेस्टर्नचं, म्हणजे काउबॉयच्या कथांचं, आणि 1921 मध्ये प्रेमकथांचं स्वतंत्र मासिक काढलं. समीक्षकांनी नावं ठेवायच्या आधीच हे कप्पे पडले होते.

दर्जाचं म्हणाल, तर ‘ब्लॅक मास्क’ हे पल्प पाहा. हे मासिक 1920 मध्ये निघालं ते मेंकन आणि नेथन या संपादकांच्या वाङ्मयीन मासिकाचा तोटा भरून काढायला. अनेक पल्प मासिकांत मोबदला शब्दामागे एक सेंट, त्यामुळे लेखकाला पाल्हाळाचा मोह व्हावा अशीच व्यवस्था. तरीही संपादक जोसेफ शॉ यांनी आखूड, कोरड्या, बोलीतल्या वाक्यांचा आग्रह धरला. डॅशिएल हॅमेटची ‘द माल्टीज फाल्कन’ ही रहस्यकादंबरी इथेच 1929–30 मध्ये क्रमशः आली, मग 1930 मध्येच नॉफ या प्रकाशन संस्थेनं कापडी बांधणीत काढली, आणि पुढे तिची पेपरबॅकही निघाली. तीच कादंबरी पल्पमध्ये हलकी आणि कापडात अभिजात, हे मला अजिबात पटत नाही.

अमेरिकेत आजच्यासारखी स्वस्त पेपरबॅक रुळली ती 1939 पासून : पॉकेट बुक्स ही प्रकाशन संस्था, किंमत 25 सेंट, आधी बहुतेक पुनर्मुद्रणंच. 1950 पासून फॉसेट या प्रकाशन संस्थेच्या ‘गोल्ड मेडल’ मालेनं थेट पेपरबॅकमध्ये नव्या कादंबऱ्या आणल्या. न खपलेल्या पेपरबॅकचं नुसतं मुखपृष्ठ फाडून परत पाठवलं की दुकानदाराला पैसे वळते होत. मुखपृष्ठ नसलेली प्रत मिळते ती बरेचदा यामुळे.

पल्पचा जुना अंक हाती आलाच, तर जपून. लगद्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उजेडानं पिवळं पडतं आणि कागदातलं आम्ल तंतू तोडतं, म्हणून पान घडीवर मोडतं. अंक कधीही सपाट उघडू नका. दोन्ही बाजूंना आधार देऊन अर्धाच उघडा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पडतो. स्टेपलच्या पिना गंजतात, तेव्हा दमट कपाट टाळा. आम्लरहित पुठ्ठा पाठीशी ठेवून अंक आडवा, अंधारात ठेवा. आम्ल काढायची प्रक्रिया पुढची झीज मंदावते, पण ठिसूळ झालेल्या पानाला गेलेली ताकद परत देत नाही.