डिकीचा खटका जाम झाला तेव्हा : माझा अनुभव

माझी गाडी तीन चाकांची मोटरसायकल आहे. पुढे एक चाक, मागे दोन आणि त्या दोन चाकांच्या मधे पत्र्याची मोठी डिकी. माझा जन्म १९८६ चा. आपल्याकडे पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली १९९५ मध्ये. माझा उजवा पाय त्याच्या बराच आधी गेला होता. मागचा ब्रेक पायाऐवजी हाताच्या लिव्हरवर घेतलाय, मूळ चासी कापून मागे आडवा एक्सल बसवलाय आणि हे सगळे बदल ओरोसच्या आरटीओत दाखवून आरसीवर नोंदवून घेतलेत. या गाडीमुळे मी कुणाला 'मला सोडतोस का' असं न विचारता देवगडच्या बाजारात जातो. ती अडली की मी अडतो. म्हणून डिकीच्या एका खटक्याबद्दल एवढं सविस्तर लिहितोय.

मे महिन्यातली गोष्ट. आईच्या इन्सुलिनची जुनी बाटली सकाळच्या डोसला संपली होती. देवगडातून नवी घेतली, दुकानदाराने ती बर्फाच्या जेलपॅकबरोबर छोट्या थर्मल पिशवीत घालून दिली. ती पिशवी डिकीच्या तळाशी ठेवली. वर दहा किलो उकडे तांदूळ, त्यावर रातांब्यांची पिशवी. झाकण बसेना, तेव्हा वरून कोपराने दाबलं. खट् असा आवाज आला आणि मी निघालो.

साडेबाराला घरी पोचलो. खळ्यात गाडी लावून चावी फिरवली. चावी फिरली, पण खट् झालं नाही. पुन्हा फिरवली. कुलुपाला नेहमी जो हलका ताण लागतो तोच नव्हता, विहिरीत सोडलेला दोर कळशीशिवाय वर यावा तसं वाटलं. तिसऱ्यांदा मी रागाने जोर लावला आणि चावीच्या पात्याला किंचित पीळ पडलेला दिसला. तिथे थांबलो. चावी कुलुपात तुटली असती तर एका दुखण्याची दोन झाली असती.

मग लक्षात आलं की पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सगळी हत्यारं डिकीतच आहेत.

ज्याने गाडी बनवून दिली त्याला घाटावर फोन केला. तो म्हणाला, झाकणाची कड पहारीने उचकटा, पुढच्या फेरीला आलात की नवं झाकण बसवून देतो. मला ते पटलं नाही. उचकटलेला पत्रा पुन्हा सरळ बसत नाही आणि पावसाळा तोंडावर होता. शिवाय पहार घसरली तर खाली काचेची बाटली होती.

दुसरा फोन औषधाच्या दुकानात केला. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते, हे माहीत होतं. दुकानदार म्हणाला, जेलपॅक आहे तोवर घाबरू नका, पण उन्हातला पत्रा टाळा. बाहेर काढल्यावर थंडावा गेलेला वाटला तर ती बाटली वापरात घेतल्यासारखी धरा, तारीख लिहा, पुन्हा महिनाभर साठवून ठेवायचा विचार करू नका. आमच्या प्रकारच्या इन्सुलिनला वापरात घेतल्यावर ४ आठवडे मिळतात, तेही ३० अंशांच्या आत ठेवलं तर. मे महिन्यातल्या दुपारी बंद पत्र्याची पेटी ३० अंशांवर थांबत नाही. झाकणाला हात लावला तर चटका बसत होता.

म्हणून आधी खटक्याचा नाद सोडला. पुतण्याने गाडी ढकलत मांगराच्या सावलीत नेली. आईने गोणपाट विहिरीच्या पाण्यात भिजवून डिकीवर टाकलं. समुद्रावरचा वारा सुटला होता, त्याने दहा मिनिटांत पत्रा हाताला सोसवेल इतका निवला. ज्यांच्या डिकीत औषध अडकेल त्यांनी हे पहिलं करावं, कुलूप नंतर.

शेजारचे काका बाहेर आले. आयुष्यभर ट्रॉलरच्या इंजिनावर काम केलेला माणूस. त्यांनी काही विचारायच्या आधी झाकणावर तळहात ठेवला.

"काय भरलंस आत?"

मी सांगितलं.

"मगे तांदूळ झाकणाक वर ढकलतत. खटक्याक सुटाक जागाच नाय. जोर लावू नको झिला, चावी तुटली तर कुलूपय गेला नि डिकीय गेली."

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून नीट सांगतो. झाकणाच्या आतल्या बाजूला सळईची वाकवलेली कडी असते. झाकण लावलं की ती कडी खाली जाते आणि एक फिरता हूक तिला पकडतो. तो हूक परत फिरू नये म्हणून त्याच्या पाठीला स्प्रिंगवरचा छोटा अडसर असतो. चावी फिरवल्यावर केबल ओढली जाते, केबल अडसराला ओढते, अडसर बाजूला झाला की हूक सुटतो. आतून सामानाचा रेटा असला की कडी हुकाला वर खेचून धरते आणि हूक अडसरावर रेलून बसतो. त्या रेट्यात अडसर सरकायला जास्त जोर लागतो, आणि आपल्याला वाटतं कुलूप बिघडलं. उपाय सोपा आहे. एकाने झाकण दोन्ही तळव्यांनी खाली दाबून धरायचं, दुसऱ्याने त्याच वेळी चावी फिरवायची.

काकांनी दाबलं. झाकण नखभर खाली गेलं, म्हणजे कडीवरचा ताण उतरला. मी चावी फिरवली. तरी काही नाही.

आता दोष कुलुपात, केबलमध्ये की खटक्यात, हे ठरवायचं होतं. काकांच्या घरून हत्यारं आणली. मला गाडीखाली वाकता येत नाही, म्हणून मी पाट घेऊन बाजूला बसलो. दहाच्या पान्याने सीटचे दोन बोल्ट काढले. कुलुपाच्या मागची पट्टी चावीबरोबर व्यवस्थित हलत होती. म्हणजे कुलूप ठीक होतं. पण पट्टी हलली की केबलचं काळं आवरणच तिच्याबरोबर पुढे येत होतं. आवरणाच्या टोकाला जी पत्र्याची टोपी असते, ती गंजून भुगा झाली होती. टेकायला जागा नसल्यामुळे आतली तार ताणलीच जात नव्हती, सगळी केबल नुसती वाकत होती. आवरण जागेवर बसवून पकडीने धरलं, दुसऱ्या पकडीने आतली तार ओढली. तार जेमतेम तीन मिलिमीटर सरकली आणि थांबली. भिंतीला दोर बांधून ओढावा तशी. म्हणजे केबल निकामी झालेलीच, पण पलीकडे अडसरही त्याच्या पिनेवर धरलेला. दोन दोष एकदम. बिघाड एकच असेल असं धरून बसलो असतो तर केबल बदलूनही डिकी उघडली नसती.

आता खटक्यापर्यंत पोचायचं कसं? वरून फट नाही, खालून पत्रा. काकांनी मागचा दिवा बघितला. त्याचे दोन स्क्रू काढले, काच बाजूला केली, मागे वायर जाण्यासाठी दोन बोटं जातील एवढं भोक. मोबाईलचा टॉर्च लावला आणि खटक्याची पाठ दिसली.

ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. हुकावर मिठाची पांढरी साय. अडसराच्या पिनेभोवती ग्रीस आणि गंज मिसळून झालेला तपकिरी चिखल, वाळून खडे झालेला. ज्या रिव्हेटवर अडसर फिरायचा तो दिसतही नव्हता.

आमच्याकडे पाऊस नसला तरी लोखंड ओलं असतं. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पत्र्यावर बसतं आणि हवेतला दमटपणा ओढून घेतं. त्यामुळे पाण्याचा अदृश्य थर कायम राहतो आणि गंज चोवीस तास चालू. खटक्याच्या पट्ट्यांना जस्ताचा मुलामा होता, तो आधी झिजला. काका म्हणाले, होडीच्या तळाला पंख्याजवळ म्हणूनच जस्ताचे तुकडे लावतात. खारं पाणी जस्त खातं, तोवर लोखंड वाचतं. जस्त संपलं की पाळी लोखंडाची.

दिव्याच्या भोकातून स्प्रेची बारीक नळी आत घालून डब्ल्यूडी-४० थेट पिनेवर सोडलं. लगेच तार ओढायला गेलो तर काकांनी हात धरला.

"थांब. औषध पोटात गेल्या बरोबर ताप उतरता काय? लोखंडाक वेळ दी."

वीस मिनिटं थांबलो. मधून मधून काका लाकडाच्या तुकड्याने खटक्याच्या आजूबाजूला पत्र्यावर हलके टिचके मारत होते. त्या हादऱ्याने तेल फटीत उतरतं. हातोडी नाही, लाकूडच. पुन्हा स्प्रे, पुन्हा थांबणं. आई दोनदा येऊन गोणपाट भिजवून गेली, बोलली काही नाही.

मग काकांनी सायकलचा जुना स्पोक घेतला आणि पकडीने त्याचं टोक गळासारखं वाकवलं. पुतण्याने झाकण दाबून धरलं, काकांनी टॉर्च धरला आणि स्पोक माझ्या हातात दिला. पाय कमी असला तरी माझे हात चांगले आहेत, हे ते जाणतात. गळ अडसराच्या टोकात अडकवायचे चार प्रयत्न फुकट गेले. पाचव्यांदा धातू धातूला लागल्याचं बोटांना कळलं. हळूहळू ओढलं. आधी काहीच नाही, मग वाळू चुरडावी तशी करकर, आणि खट्.

झाकण वर आलं. रातांब्यांचा आंबट वास आला. तांदूळ बाहेर फेकल्यासारखे काढले आणि पिशवी उघडली. जेलपॅक अर्धा वितळला होता, पण बाटली गार होती. आईने ती पदराने पुसली आणि फ्रिजमध्ये ठेवली. दुपारचे अडीच वाजले होते.

दुरुस्ती दोन दिवसांनी सावकाश केली. खटका दोन बोल्टवर होता, तो पूर्ण काढला. नारळाच्या करवंटीत रॉकेल घेऊन रात्रभर बुडवून ठेवला, सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने घासला. रॉकेल चहासारखं झालं. अडसर बोटाने ढकलून स्प्रिंगवर मोकळा परत येतो का, ते दहा वेळा बघितलं, मग कोरडा पुसून पांढरं ग्रीस लावलं. आई म्हणत होती, खोबरेल लाव. तिला समजावून सांगितलं की खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, डिसेंबरच्या पहाटे आपल्या बाटलीत थिजतंच की, तसंच ते खटक्यात थिजेल. कुलुपाच्या भोकात तर तेल नाहीच घातलं. तेलाला धूळ चिकटते आणि लापशी होते. तिथे पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकली.

केबल नवी घातली, आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेली. जुनी केबल एक्सलजवळ काटकोनात वळवलेली होती आणि तिचं एक टोक वर तोंड करून उघडं होतं, म्हणजे पावसाचं पाणी सरळ आत. हे बनवतानाच बघायला हवं होतं. नवी मोठ्या वळणाने नेली आणि टोकावर रबरी टोपी बसवली.

आणि दुसरी वाट केली. अडसराला स्टेनलेसची बारीक तार बांधून तिचा फास मागच्या दिव्याच्या काचेआड सोडला. बाहेरून दिसत नाही, चोराच्या हाती लागत नाही, पण स्क्रूड्रायव्हरने दोन स्क्रू काढले की ओढता येते. तो स्क्रूड्रायव्हर आता हँडलच्या पिशवीत असतो, डिकीत नाही. डिकीच्या आत चारही बाजूंनी लाल रंगाची रेघ मारली आहे, तिच्या वर सामान जाऊ द्यायचं नाही. इन्सुलिनची पिशवी पुढच्या हुकाला, माझ्या गुडघ्याशी लटकते.

गाडी बनवणाऱ्याला सगळे फोटो पाठवले. रागाने नाही, नावं ठेवायलाही नाही. किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला अशी तार पहिल्या दिवसापासून हवी, एवढंच लिहिलं. आम्हाला गाडीखाली झोपता येत नाही, डिकीवर चढता येत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांच्या कुबड्याही त्याच डिकीत असतात. कुबडी आत आणि खटका जाम, तर माणूस भर रस्त्यात सीटवरच बसून राहणार. त्याचं दोन दिवस उत्तर आलं नाही. मग फोन आला, तार कुठून कशी नेली ते त्याने नीट विचारून घेतलं.

वेंगुर्ल्याची एक ताई त्याच्याकडेच गाडी करून घेते आहे. तिला मी म्हटलं होतं, ताबा घेताना डिकी तांदळाने भरून, झाकण दाबून लाव आणि त्याच्यासमोर तीनदा उघडून बघ. परवा तिचा निरोप आला, तार बसली आहे, फास दिव्यामागेच आहे, आणि तिने तो स्वतः ओढून पाहिला.