आमची वाटचाल : चौकटीपासून गदेच्या पेटीपर्यंत

आमच्या दुकानाच्या पाटीवर आजही 'दारे, खिडक्या, चौकटी' एवढंच लिहिलंय. वडिलांनी रंगवून घेतलेली पाटी आहे. खरं तर खिडकीची शेवटची ऑर्डर कधी घेतली होती ते मलाच आठवत नाही. अॅल्युमिनियमचं स्लायडिंग आलं, मग तयार फ्लश डोअर आले, आणि सागवानाची चौकट घरात फक्त मुख्य दाराला उरली. मधली काही वर्षं देव्हारे, पाट-चौरंग, फोटोफ्रेम असं मिळेल ते केलं. त्यातच 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शेडमध्ये शिरलं. वाळवून ठेवलेला माल भिजला. त्यावर जास्त लिहीत नाही, कोल्हापुरात तो महापूर सांगायला लागत नाही.

गदेचं काम त्याच्या आधीचं. कागल तालुक्यातल्या एका गावचे आबा आले. त्यांच्या पोरानं जत्रेच्या मैदानात चांदीची गदा पटकावली होती आणि ती सोप्यात दिसेल अशी ठेवायची होती. ज्या शहरात शाहू महाराजांनी 1912 मध्ये कुस्तीसाठी खासबागेसारखं मैदान बांधलं, तिथं गदा म्हणजे काय हे सुताराला कुणी शिकवत नाही. पण गदेसाठी पेटी कशी करतात हेही कुणी सांगितलेलं नव्हतं.

पहिला प्रश्न उभी की आडवी. आडवी ठेवली तर पेटी लांबडी होते आणि सोप्यातली अर्धी भिंत खाते. उभी ठेवायची तर डोकं खाली टेकवणं सोपं, पण आबा म्हणाले, "डोकं वरच पायजे मिस्त्री, खांद्यावर घेतल्यागत." आता गदेचं सगळं वजन त्या गोळ्यात. आत लाकूड असलं आणि वर चांदीचा पत्रा असला, तरी आमची गदा साडेआठ किलो भरली. दांड्यावर उभी केली तर कलंडणार हे नक्की. शेवटी सागवानाच्या जाड फळीत घोड्याच्या नालासारखी खाच काढली. दांडा समोरून आत सरकवायचा आणि गोळा वरून त्या खाचेत बसवायचा. वजन फळीवर, दांडा खाली नुसता लोंबता. वडिलांनी तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी त्या फळीला आठवडाभर टांगून ठेवली. सकाळी चहाच्या आधी जाऊन गुण्या लावून बघायचे, फळी वाकली का.

बाकीचं काम आमच्या हातातलं. मागची फळी खाचेत सैल बसवायची, डिंक लावायचा नाही, कारण पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं आणि कोंडलं तर कोपरा उघडतो. काच 5 मिलिमीटरची टफन. ही काच एकदा भट्टीतून आली की कापता येत नाही, म्हणून आधी लाकडी सांगाडा, मग माप, आणि प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटरची मोकळीक. वरून मेलामाईन पॉलिश. आतून हिरवी बनात, म्हणजे जाड मऊ कापड, रबरी सोल्युशननं चिकटवली, आणि धूळ जाऊ नये म्हणून दाराला गाडीच्या दरवाज्याला असतं तसलं काळं रबर. पेटी इतकी घट्ट झाली की दार लावताना हवेचा 'फुस्स' आवाज यायचा. मला त्या आवाजाचा फार अभिमान होता.

दहा महिन्यांनी आबांचा फोन. "मिस्त्री, गदा काळी पडाय लागलीया बघा. काय घातलंयसा त्या पेटीत?"

जाऊन बघितलं तर खरंच. समोरच्या बाजूला पिवळट झाक, आणि बनातीला टेकलेल्या भागावर निळसर काळं. आबांच्याच कपाटात उघड्यावर ठेवलेला चांदीचा पेला मात्र बरा होता. मी गदा घेऊन गुजरीत, आमच्या सराफ पेठेत, एका जुन्या कारागिराकडं गेलो. त्यांनी पेटीबद्दल विचारलं, आणि रबर म्हटल्यावर हसले. चांदीचं वैर गंधकाशी. रबर टणक करायला त्यात गंधक घालतात, आणि लोकरीच्या तंतूतही गंधक असतो. बनात लोकरीची. म्हणजे चांदी काळी करणाऱ्या दोन वस्तू मी आत घातल्या आणि वर दार हवाबंद केलं, म्हणजे निघालेली वाफ बाहेर जायची सोय नको! त्यांनी गदा उजळून दिली, पण बजावलंही : प्रत्येक घासण्यात चांदी थोडी झिजते, पत्रा पातळ असतो, चार-पाच वेळा असं केलंत तर नक्षी बोथट होईल.

पेटी परत आणली. पैसे अर्थातच मागितले नाहीत. बनात आणि रबर खरवडून काढलं, कोरं मांजरपाट चार वेळा धुवून पातळ फळीवर ताणून दोऱ्यानं शिवलं. डिंकाचा थेंब नाही. आणि पॉलिश केल्यावर तीन आठवडे दार उघडं ठेवलं, वास पूर्ण जाईपर्यंत.

तेव्हापासून कुठलंही नवं कापड, डिंक, पट्टी आली की एक तुकडा काचेच्या बरणीत टाकतो, सोबत घासलेल्या चांदीचा तुकडा आणि ओल्या कापसाचा बोळा. पुढं वस्तुसंग्रहालयाचा अभ्यास करणारी एक मुलगी शेडमध्ये आली, तिनं सांगितलं की ब्रिटिश म्युझियममध्ये 1973 पासून अशीच परीक्षा घेतात : चांदी, तांबं आणि शिसं, 60 अंश तापमानात 28 दिवस. आमच्याकडं भट्टी नाही, म्हणून बरणी पत्र्याच्या छपराखाली उन्हाळाभर ठेवतो. तिच्याकडूनच कळलं की काचवाले वापरतात त्या सिलिकॉनला जो व्हिनेगरसारखा वास येतो, तो शिशाला आणि पितळेला बाधतो. आता बिनवासाचं मागवतो, महाग पडतं. ओकच्या लाकडाची पेटी मागणाऱ्यालाही हेच सांगतो, ओकमधून तीच आंबट वाफ निघते. काहींना वाटतं मी सागवान खपवायला बोलतोय.

आता शेडमध्ये आम्ही चौघं. क्रिकेटचे चषक, शाळांच्या ढाली, एका तालमीच्या तीन गदा एकाच लांब पेटीत. त्या पेटीनं घाम काढला, कारण तिन्ही गदांचे गोळे वेगवेगळ्या मापाचे निघाले आणि तिन्ही खाचा वेगळ्या कोराव्या लागल्या. एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेल्या फळीत, स्वस्तात करून द्या म्हणणारे आठवड्याला दोन तरी येतात. त्यांना सरळ नाही म्हणतो, म्हणून काही महिने कोरडे जातात.

गेल्या आठवड्यात एका व्यापाऱ्यानं मखमलीचा नमुना आणून दिला, लालभडक, सुंदर, भाव निम्मा. बरणी क्रमांक सातमध्ये ठेवलाय. काल झाकणातून डोकावलो तर चांदीच्या कडेला किंचित पिवळं दिसल्यासारखं वाटलं. वडील म्हणाले, तुला वाटतंय. बरणी अजून उघडलेली नाही.