गोळ्यांच्या आमटीची बहीण सेकंड अव्हेन्यूवर राहते

परवा लेकीने विचारलं, आई तू इथे नवीन आलीस तेव्हा बाहेर काय खायचीस गं, आणि मी पटकन म्हटलं डेलीत जायचे. तिला वाटलं कोपऱ्यावरचं दुकान, जिथे सकाळी अंडं-चीजचा रोल आणि कॉफी मिळते ते. ते नाही बाळा. जुन्या ज्यू लोकांच्या डेली, जिथे बसल्याबरोबर न मागता टेबलावर काकडीच्या लोणच्याची वाटी येते. मग तिला सांगत बसले आणि अर्धा तास गेला, तेव्हा ठरवलं की एकदा नीट लिहूनच काढावं, कारण दरवर्षी भारतातून कोणी ना कोणी येतं आणि विचारतं, मॅनहॅटनमध्ये खायचं कुठे.

मी 1998 च्या नोव्हेंबरमध्ये आले, क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला दोन मुलींबरोबर एका खोलीत राहायचे. पहिल्या थंडीतच मला असा खोकला झाला की ऑफिसात सगळे वळून बघायचे. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर बाई होत्या, ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या, त्यांनी शुक्रवारी दुपारी माझा कोट माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या चल, तुला औषध पाजते. घेऊन गेल्या सेकंड अव्हेन्यू डेलीत. तेव्हा ती दहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होती, बाहेर फुटपाथवर यिडिश म्हणजे युरोपातल्या ज्यू लोकांच्या भाषेतल्या जुन्या नाटकांतल्या नटनट्यांची नावं कोरलेल्या चांदण्या होत्या, कारण एके काळी त्या सगळ्या पट्ट्यात यिडिश थिएटरं होती. आपल्याकडे गिरगावात असं कोणी केलं असतं तर किती छान झालं असतं असं मला तेव्हाही वाटलं होतं.

तर ते औषध म्हणजे मात्झो बॉल सूप. वेटर काकांनी माझ्यासमोर एक खोलगट बाऊल ठेवला, त्यात टेनिस बॉलएवढा फिकट पिवळा गोळा, आणि वरून स्टीलच्या छोट्या भांड्यातून गरम सूप ओतलं. गाजराचे तुकडे, थोडी शेपू आणि वर कोंबडीच्या तुपाचे सोनेरी ठिपके. मात्झो म्हणजे त्यांची पेसाखच्या सणाची यीस्ट न घातलेली कडक भाकरी, तिचा रवा काढायचा, त्यात अंडी आणि कोंबडीची चरबी घालून मळायचं, गोळे करायचे आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. चमचा घातला तर गोळा अलगद तुटला, आत सूप मुरलेलं, आणि मला एकदम आजीची गोळ्यांची आमटी आठवली. चव काही तशी नाही, त्यात ना गोडा मसाला ना चिंच, पण उकळत्या रसात गोळे सोडायचे आणि ते फुलेपर्यंत झाकण काढायचं नाही, ही आजीची शिस्त तशीच्या तशी. दोन बाऊल प्यायले. खोकला सूपाने गेला की त्या बाईंच्या मायेने ते मला माहीत नाही, पण त्या दिवसानंतर मला ह्या शहरात परकं वाटलं नाही.

जेवण झाल्यावर मी सवयीने दूध घालून कॉफी मागितली. वेटर काकांनी मान हलवली. त्या बाई मला समजावून सांगायला लागल्या की कोशर म्हणजे त्यांच्या धर्माच्या खाण्याच्या नियमांप्रमाणे, मांस आणि दूध एकत्र नाही, भांडीसुद्धा वेगळी असतात, तर मी म्हटलं मला माहीत आहे, आमच्या मावशी मटणात नारळाचं दूध घालतात. त्या बघतच राहिल्या. मग मी त्यांना ठाण्याच्या आमच्या शेजारच्या मावशींबद्दल सांगितलं. बेने इस्राएली, मूळच्या अलिबागकडच्या, घरात आपल्यासारखंच मराठी, नऊवारी नेसलेली आजी, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायचे, आणि एलियाहू हन्नाबी ह्या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरं, गुळाचा मलिदा आमच्याकडे यायचा. ब्रुकलिनच्या बाईंनी मराठी बोलणारे ज्यू ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. पुढचा एक तास आम्ही दोघी फक्त त्याबद्दल बोललो, ऑफिसला परत उशिरा गेलो.

मी बीफ खात नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण डेली म्हटलं की लोकांना पास्ट्रामीच आठवतं, म्हणजे मसाला लावून धुरावलेलं मांस, आणि ते बीफचं असतं. माझ्या रूममेट्स खायच्या. त्यांच्याबरोबर मी कॅट्झला जायचे, हाऊस्टन आणि लडलो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, 1888 पासूनची डेली. दारातच हातात तिकीट देतात, जे घ्याल ते त्यावर लिहितात, बाहेर पडताना ते दाखवून पैसे भरायचे, त्यामुळे तिकीट जिवापाड सांभाळायचं. काउंटरवर सुरी घेऊन उभे असलेले कटर वाफाळतं मांस हाताने कापतात, मशीनवर नाही, आणि तुमची ऑर्डर घेताना आधी एक तुकडा बशीत ठेवून चाखायला देतात. मी नॉक्वर्स्ट सॉसेज नको, पास्ट्रामी नको म्हटलं की टर्की द्यायचे, ती पण चांगली असते. पण माझा जीव लोणच्यात. काकड्या मिठाच्या पाण्यात लसूण घालून मुरवलेल्या, एक अर्धी आंबट जी अजून हिरवीगार आणि कुरकुरीत असते, एक पूर्ण आंबट. व्हिनेगर नाही, तेल नाही, आपल्या खारातल्या कैऱ्यांची पद्धत.

आणि मग मला माझं खरं ठिकाण सापडलं. डेलीत मांस, मग मासे आणि दूधदुभतं कुठे? तर त्याची दुकानंच वेगळी, त्यांना ह्या शहरात अ‍ॅपेटायझिंग म्हणतात. कॅट्झपासून दोन मिनिटांवर रस अँड डॉटर्स आहे, 1914 चं. मालक जोएल रस ह्यांनी हेरिंगची हातगाडी लावून सुरुवात केली, तीन मुली झाल्या, तिघी काउंटरवर उभ्या राहिल्या, आणि त्यांनी दुकानाच्या पाटीवर मुलींना आणलं. 'अँड सन्स'च्या जमान्यात 'अँड डॉटर्स'. ही पाटी बघून मला आजही भरून येतं.

मी माशांवर वाढलेली मुलगी, न्यूयॉर्कमध्ये आल्यावर बांगडा-बोंबलाशिवाय कासावीस झाले होते. तिथे नंबर घेऊन उभी राहिले. काचेच्या मागे सामन, स्टर्जन, व्हाइटफिश, हेरिंग, सगळं मांडलेलं. कापणाऱ्याने लांब पातळ सुरीने सामनचा एक काप काढून कागदावर दिला, नोव्हा, धुरावलेला, मऊ. मी म्हटलं ह्याहून खारट आहे का? मग त्याने बेली लॉक्स दिला, तो धुरावलेला नसतो, नुसता मिठात मुरवलेला. तोंडात टाकला आणि आईने उन्हाळ्यात भाजलेला खारा बांगडा आठवला, डोळ्यात पाणीच आलं. पाव किलोसुद्धा परवडत नव्हतं तेव्हा, पण दर महिन्याला पगार झाला की एफ ट्रेन पकडायची, जॅक्सन हाइट्सहून थेट सेकंड अव्हेन्यू स्टेशन, आणि थोडासा बेली लॉक्स आणायचा. घरी गरम भाताबरोबर खायचे मी तो.

आता त्यातलं काय उरलंय? 1930 च्या दशकात ह्या शहरात दीड हजाराच्या आसपास कोशर डेली होत्या असं सांगतात. माझ्या डोळ्यादेखतच किती गेल्या. सेव्हन्थ अव्हेन्यूवर स्टेज डेली 2012 मध्ये बंद झाली, तिची शेजारीण आणि स्पर्धक कार्नेगी डेली 1937 पासून चाललेली, ती 2016 च्या 31 डिसेंबरला. सेकंड अव्हेन्यू डेलीचे मालक एब लेबेवोल ह्यांचा 1996 मध्ये बँकेत पैसे भरायला जाताना खून झाला, अजून कोणी सापडलं नाही. मी आले त्याच्या आधीची ही गोष्ट, पण वेटर लोक त्यांच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलायचे. समोरच्या चर्चपुढच्या छोट्या बागेला आता त्यांचं नाव आहे. 2006 च्या जानेवारीत भाड्यावरून जुळलं नाही आणि ती डेली बंद झाली. मी मुद्दाम जाऊन आले, काचेतून आत रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. पुढे तिथे बँक आली. जागेची भाडी, मांसाचे भाव, मुलं-नातवंडं उपनगरांत गेलेली, आणि पहाटेपासून राबायला पुढची पिढी तयार नाही, गिरगाव-दादरच्या खानावळींचं जे झालं तेच.

पण ती डेली परत सुरू झाली! 2007 च्या डिसेंबरमध्ये, एब ह्यांच्या पुतण्यांनी तेहेतिसाव्या रस्त्यावर उघडली. नाव तेच, अव्हेन्यू मात्र दुसरा. तर माझं सांगणं असं की सूपासाठी तिथेच जा, लेक्सिंग्टनवर कलुस्त्यानमध्ये मसाले-डाळी घ्यायला जाणं होतंच आपलं, तिथून चालत दहा मिनिटं. शेवटी छोट्या ग्लासात चॉकलेट सोडा देतात, अर्थात दूध न घालता.

शाकाहारी पाहुणे असतील तर सेकंड अव्हेन्यूवरच बी अँड एच डेअरी. ही कोशर पण दूधवाली, म्हणून मांस अजिबात नाही, मासे तेवढे असतात. एवढीशी जागा, एक लांब काउंटर, पाठीमागून कोणी गेलं तर आपण पोट आत घ्यायचं. 2015 मध्ये जवळच गॅसचा स्फोट होऊन इमारती पडल्या तेव्हा महिनोन्महिने बंद होती, गिऱ्हाइकांनी पैसे जमवले आणि पुन्हा उघडली. चालवतात कोण, तर इजिप्तचे मुसलमान नवरा आणि पोलंडची कॅथलिक बायको. माझी आई आली होती तेव्हा शनिवार होता, तिचा उपास नाही पण मांस-मच्छी बंद. तिला मशरूम-बार्लीचं सूप आणि 'हल्ला' म्हणतात तो ज्यू लोकांचा पाव दिला, लोणी लावून जाड कापलेला. तिने पाव सूपात बुडवून खाल्ला आणि दुसऱ्यांदा मागितला, जे माझी आई हॉटेलात कधीच करत नाही.

हाऊस्टनवर योना शिमेलचा क्निश, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरलेला गोळा, पण सोडू नका, 1910 चं दुकान आहे, तळघरातल्या भट्टीतून दोरीच्या छोट्या लिफ्टने क्निश वर येतात. बटाट्याचा घ्या, मोहरीचा सॉस लावून. वडा समजून जाऊ नका, हा भाजलेला असतो, जड असतो, एकात दोघींचं होतं. वेस्ट साइडला राहत असाल तर बार्नी ग्रीनग्रास, 1908 चं, स्टर्जन आणि कांदा घालून परतलेली अंडी. सोमवारी बंद असतं. कॅट्झला आता एका पास्ट्रामी सँडविचचे 25-30 डॉलर होतात, दोघांत एक पुरतं, आणि कटरला टीप ठेवायला विसरू नका.

गेल्या रविवारी लेकीला तेहेतिसाव्या रस्त्यावर घेऊन गेले. तिने गोळा चमच्याने तोडला, खाल्ला, आणि म्हणाली हे तर पणजीचं आमटीवालं आहे ना? मी तिथूनच मावशींना व्हिडिओ कॉल लावला, त्या आता इस्राएलमध्ये अश्दोदला असतात लेकाकडे. त्यांनी बाऊल कॅमेऱ्याजवळ धरायला लावला, नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, गोळा थोडा मोठाच केलाय गं, आत शिजलाय ना?

शिजला होता. पार्सल पण आणलं घरी. तुम्ही आणलंत तर गोळे सूपातून काढून वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर सकाळपर्यंत सगळं सूप तेच पिऊन टाकतात.