आमची वाटचाल: बुरशीचं औषध करणाऱ्यांच्या पोत्याला बुरशी

आम्ही नागपुरात कडुलिंबापासून पिकांच्या बुरशीवरचं औषध बनवतो. त्याला लागणारी निंबोळी पडते ती नेमकी पावसाच्या तोंडावर. पहिल्या वर्षी हिंगणा रोडच्या भाड्याच्या शेडमध्ये आम्ही ती गरासकट पोत्यांत भरून ठेवली. आठवड्याभरानं तोंड सोडलं तर आत काळी-हिरवी भुकटी. बावीस पोती उकिरड्यावर गेली आणि शेजारचा वेल्डिंगवाला महिनाभर हसला. आता गर धुऊन काढतो आणि मुठीत हलवल्यावर बी खुळखुळेपर्यंत सावलीतच वाळवतो. निंबोळीतलं कामाचं द्रव्य म्हणजे अझाडिरॅक्टिन, त्याला ऊन सोसत नाही.

लसणानं त्याहून जास्त डोकं खाल्लं. आम्ही आख्ख्या पाकळ्या उकळायचो. शेडभर वास, पण काकडीवरची भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, जशीच्या तशी. लसणातलं बुरशीवर चालणारं द्रव्य, अ‍ॅलिसिन, पाकळीत आयतं नसतं, ठेचल्यावर तिच्यातलं एन्झाइम ते तयार करतं, आणि उकळीत ते एन्झाइमच मरतं, हे फार उशिरा कळलं. मग कच्चाच ठेचायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, नंतर पाणी. तरी अ‍ॅलिसिन टिकत नाही, म्हणून लसणाची बाटली आम्ही काढलीच नाही. विचारेल त्याला कृती सांगतो. "फुकट शिकवून पोट भरते का?" असं मेहुणा, म्हणजे माझा भागीदार, अजून ऐकवतो.

कडुलिंबाचं तेल चाचणीसाठी दिलं होतं तेव्हा कळमेश्वरकडून एका काकांचा फोन आला, "भाऊ, पानं जळली ना जी!" मे महिना, आणि फवारणी भर दुपारी. चूक आमची, वेळ सांगितलीच नव्हती. आता 'ऊन उतरल्यावर, आधी एका झाडावर करून पाहा' हे ठळक छापतो.

1968 च्या कीटकनाशक कायद्यातून झाडपाल्याच्या औषधालाही सूट नाही. नोंदणीशिवाय बाटलीवर बुरशीनाशक लिहिता येत नाही. त्या कागदपत्रांत गेलेल्या वर्षांबद्दल न बोललेलं बरं. तोवर निंबोळी पेंडीनं, म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्यानं, घर चालवलं.

सगळ्यात अवघड गेलं ते नाही म्हणणं. संत्र्याच्या डिंक्यावर, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगावर, औषध मागायला लोक येतात. तो फायटोफ्थोराचा रोग; तिला शास्त्रज्ञ खरी बुरशीही मानत नाहीत. ती मातीत असते, बुंध्याशी पाणी साचलं, कलमाचा जोड मातीत गाडला गेला की सालीत शिरते. आमचा अर्क पानावर राहतो, तोही रोग पसरण्याआधी मारला तरच कामाचा. सालीआड तो काय करणार? मी आधी पाण्याचा निचरा बघा म्हणतो, बोर्डो पेस्टचं (मोरचूद-चुन्याचा बुंध्याला लावायचा लेप) विचारतो आणि अमरावती रोडच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा रस्ता दाखवतो. एका दुकानदाराला लेबलवर 'सर्व रोगांवर' हवं होतं. आम्ही ऐकलं नाही, त्यानं माल घेणं बंद केलं.

कळमेश्वरच्या काकांची बाग मात्र पुढच्या बहरापर्यंत सावरली. तेल अजून नेतात, दर वेळी वेळ विचारून.