डिपॉझिटचा हिशेब

28 मे

सकाळी भाजी फोडणीला टाकत होते तेवढ्यात पुण्यातल्या धायरीच्या फ्लॅटमधल्या भाडेकरूचा फोन. "काकू, 31 तारखेला सामान हलवतोय. डिपॉझिट दोन-चार दिवसांत मिळालं तर बरं होईल, तिकडे भरायचंय." त्यानं एप्रिलअखेरीस रीतसर महिन्याची नोटीस दिली होती, त्यामुळे त्याचं काहीच चुकत नव्हतं. चुकलं होतं माझं. त्याचे 50 हजार माझ्याकडे नव्हते. म्हणजे होते. गेल्या जूनमध्ये मुलीच्या होस्टेलची फी भरताना "पुढच्या महिन्यात परत टाकू" म्हणून काढले, आणि तो पुढचा महिना अजून उजाडायचाय.

हे म्हणाले, "नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून जुन्याचं देऊन टाकायचं. सगळे तेच करतात." करतात खरे. याची टोपी त्याच्या डोक्यावर. पण नवा यायला महिना लागला तर? बायको-मुलाला घेऊन घर बदलणाऱ्या माणसाला "थांब रे जरा" म्हणायला जीभ रेटेना. दुपारी बँकेत जाऊन एक एफडी मोडली. व्याज बुडालं ते बुडालं. या वेळी नव्या डिपॉझिटची वेगळी एफडी करायची असं ठरवलंय. ठरवलं मागच्या वेळीही होतं.

31 मे

संध्याकाळी चावी घ्यायला गेले. एका हातात टॉर्च, एका हातात जुना करार. रिकामं घर फार बोलतं. ओट्यामागच्या टाइल्सवर तेलाचा पिवळा थर, शेगडीच्या जागी कडप्प्यावर दोन फिकट गोल. सरकत्या खिडकीची एक काच तडकलेली. सिंकचा नळ कितीही आवळला तरी टिपूस गाळतोय. आणि भिंतींना भोकं. मी मोजली, 17. टीव्हीची चार समजू शकते, पण बेडरूममध्ये ओळीनं सहा कशासाठी?

करारात लिहिलंय, "सामान्य झीज वगळता जागा आहे त्या स्थितीत परत करावी." आता सामान्य झीज म्हणजे किती भोकं? बावीस महिन्यांत चारजणांच्या राहण्यानं भिंत मळणार नाही तर काय होईल? रंग तर मलाही तीन-चार वर्षांनी काढावाच लागतो. तो बिचारा दारात उभा, बायको पोराला कडेवर घेऊन जिन्यात, आणि मी टॉर्च मारत भोकं मोजतेय. मला अचानक आमच्या वाड्याचे मालक आठवले.

शनिवार पेठेत दोन खोल्या होत्या आमच्या, भाडं महिना 28 रुपये. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या जागांची भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली होती. मी शाळेत जायला लागले तरी ती तिथेच. मालक दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लाल वही घेऊन यायचे. पावसाळ्यात गळायला लागलं की बाबा म्हणायचे, "दुरुस्ती मालकानं करायची." मालक म्हणायचे, "28 रुपयांत कौलं शाकारून होतात का हो?" ते खाली उतरले की आम्ही भावंडं त्यांच्या चालीची नक्कल करायचो. पुढे 31 मार्च 2000 पासून नवा कायदा लागू झाला आणि अशा जागांना वर्षाला 4 टक्के वाढ मिळू लागली. 28 रुपयांचे 4 टक्के काढून बघावेत. एक रुपया बारा पैसे.

त्या मालकांची बाजू घ्यावी असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आजही पूर्ण वाटत नाही. पण टॉर्च बंद केला.

काच 900, नळ 660, लाइट बिलाचे 1,140 (मीटर माझ्या नावावर आहे, त्याचा फोटो काढून युनिटं मोजली). भोकं सोडून दिली. 47,300 द्यायचे ठरले. तो "चालेल काकू" म्हणाला आणि टेम्पोच्या मागे गाडी काढून गेला.

3 जून

ब्रोकर दोन मुलींना घेऊन आला. लातूरकडच्या, दोघी एका हॉस्पिटलमध्ये नर्स. एकीनं पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती वेळ येतं?" मला तिथेच आवडली. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर लागतो हे मी लपवत नाही. मागाहून कळलं की माणसं जास्त चिडतात.

सोसायटीचे सेक्रेटरी मात्र जिन्यातच भेटले. "वहिनी, बॅचलर नकोत. फॅमिली बघा." मी म्हटलं, सोसायटीच्या नियमांत, उपविधीत, कुठे आहे ते दाखवा. ते म्हणाले, मागच्या सभेत ठरलंय. इतिवृत्त मागितलं तर म्हणाले, शोधावं लागेल. रात्रपाळी करून सकाळी झोपायला येणाऱ्या दोन मुलींचा नेमका कोणाला त्रास होणार, हे त्यांनाही सांगता येईना. तरी मी रात्रभर घोळ घातला, हे कबूल करायला हवं. शेजाऱ्यांशी वाकडं घेतलं की उद्या पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत सगळं अडतं. आणि मालक तिथे राहत नाही, राहतो भाडेकरू. टोमणे ऐकायचे त्यानं.

याच सेक्रेटरींशी मागे नॉन-ऑक्युपन्सीवरून, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्यानं देतो म्हणून सोसायटी लावते त्या आकारावरून, वाजलं होतं. ते महिना सरसकट 500 रुपये लावत होते. शासनाचा 1 ऑगस्ट 2001 चा निर्णय आहे की हा आकार सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि त्यात महापालिकेचा कर धरायचा नाही. प्रत काढून दिली तेव्हा गुपचूप कमी झाला. म्हणून बहुधा या वेळी त्यांनी फार ताणलं नाही.

मुलींना हो कळवलं.

6 जून

खालच्या मजल्यावरच्या आजींचा फोन. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल. पाऊस अजून नीट सुरूही नाही, म्हणजे दोष आपल्याकडेच. प्लंबर म्हणाला, आधी तपासू. नहाणी ट्रॅपचं, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीचं, तोंड फडकं आणि प्लास्टिकनं बंद केलं, बाथरूममध्ये चार बोटं पाणी भरून ठेवलं आणि चोवीस तास दाराला कुलूप. मी ओट्याला टेकून बसले. पाण्यात ट्यूबलाइट दिसत होती. घर रिकामं असताना हे सापडलं हेच नशीब. आत माणसं असती तर बाथरूम बंद कसं करणार?

दुसऱ्या दिवशी आजींच्या छतावर मोठा ओला नकाशा. टाइल्सचे सांधे गेलेत. जुनं सिमेंट खरवडून एपॉक्सी भरायची, 6,500. पुन्हा गळलं तर फरशी उखडून वॉटरप्रूफिंग, त्याचा आकडा मी त्याला बोलूच दिला नाही.

रात्री हिशेब मांडला. भाडं 14,000. हप्ता 16,500. सोसायटीचे 2,200. महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत असते, ती भाड्याच्या घराला नाही. आयकरात मात्र मिळकतकर भरल्यानंतर उरलेल्या भाड्यातून 30 टक्के सरसकट वजा मिळतात, पावती असो-नसो. पावती न देणाऱ्या प्लंबरांच्या राज्यात ही मोठीच सोय. माझी चुलतबहीण दर लग्नात म्हणते, "तुझं काय बाई, बसल्या जागी भाडं येतं." तिला एकदा त्या पाण्यात उभं करायला हवं.

10 जून

करार झाला. एजंट मशीन घेऊन घरीच आला. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवर धरलेल्या व्याजाच्या पाव टक्का, म्हणजे 400 च्या घरात. नोंदणी 1,000. काही मालक हे वाचवायला नोटरीवर भागवतात. पण नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे, आणि उद्या काही वाजलं तर तोच कागद बोलतो. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट भाड्याची तरतूद कायद्यात आहे. हे वाक्य करारात छान दिसतं. प्रत्यक्षात कुणावर वापरायची वेळ येऊ नये.

मुलींचे अंगठे पहिल्या फटक्यात उठले. माझा उठेना. पाच वेळा पुसला, एजंटनं व्हॅसलीन लावायला दिलं, शेवटी डाव्या हाताचं बोट चाललं. "भांडी घासणाऱ्या बायकांचं असंच होतं काकू," तो म्हणाला. पोलिसांकडची भाडेकरू नोंदणीही त्याच्याकडूनच ऑनलाइन करून घेतली. चावी देताना टँकरवाल्याचा आणि प्लंबरचा नंबर कागदावर लिहून फ्रीजच्या जागी चिकटवला.

नव्या डिपॉझिटची एफडी आजच केली. हे हसले.

11 जून

जुन्या भाडेकरूला 47,300 चारला-पाचलाच पाठवले होते. त्याचा आज मेसेज आला. "मिळाले काकू. हॉलच्या पंख्याचा रेग्युलेटर दिवाळीत मी बदलला होता, त्याचे 280 धरायचे राहिले का?" खाली दुकानाच्या बिलाचा फोटो, चुरगळून सरळ केलेला. दिवाळीत त्यानं फोन केला होता, मी म्हटलं होतं, "करून घे रे, भाड्यातून वळते कर." त्यानं वळते केले नव्हते. माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं.

280 पाठवले. मग बेडरूममधली सहा भोकं कशाची होती ते विचारलं. म्हणाला, पाळण्याचा हूक छताला बसेना, म्हणून भिंतीला प्रयत्न करून पाहिला.